शिमग्याला डंका हवा, तर फाईल गणपतीत

शिमग्याला मिरची कांडपाचा डंका सुरू व्हायला हवा असेल, तर कागदांना गणपतीतच हात घाला. वर्षाची चटणी करून घ्यायला बायका येतात त्या फाल्गुन ते वैशाख. वळवाचे दोन पाऊस झाले की गिऱ्हाईक आटतं. आमची मंजुरी मे महिन्याच्या शेवटी आली. मशीन बसलं तेव्हा पेरण्या चालू होत्या, आणि पहिले हप्ते गेले ते म्हशीच्या दुधातून. खाली जे लिहिते आहे ते त्या पावसाळ्याने शिकवलेलं आहे.

पहिली गोष्ट, मशीन आधी घेऊ नका. विक्रेता म्हणेल, थोडं आगाऊ द्या, अनुदानाचं मागाहून होतंय. तसं होत नाही. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातलं पहिलं कर्ज फक्त नव्या उद्योगासाठी आहे. आधीच चालू असलेला धंदा त्यात बसत नाही. विक्रेत्याकडून फक्त कोटेशन आणा. त्यावर त्याचा जीएसटी नंबर, मोटार किती एचपीची, आणि तारीख या तीन गोष्टी बघून घ्या.

मग जिल्हा उद्योग केंद्रात एक चक्कर. जाताना काही न्यायचं नाही, फक्त विचारायचं: कोणती योजना सध्या चालू आहे आणि यंदाचा लक्ष्यांक, म्हणजे जिल्ह्याला ठरवून दिलेला आकडा, शिल्लक आहे का? योजनांच्या मुदती संपतात, वाढतात, आणि एजंटाला त्याचं सोयरसुतक नसतं. या रोजगार कार्यक्रमात खेड्यातल्या सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला प्रकल्पाच्या 25 टक्के अनुदान आहे. बाई, मागासवर्गीय, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना 35 टक्के. स्वतःचा हिस्सा पहिल्याला 10 टक्के, बाकीच्यांना 5. म्हणजे 4 लाखांचा डंका बाईच्या नावावर असेल तर घरातून 20 हजार, आणि अनुदान 1 लाख 40 हजार. पण हे 1 लाख 40 हजार हातात येत नाहीत, हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. सासऱ्यांनी त्यातून विहिरीची मोटार धरली होती! बँक ते 3 वर्षं ठेव म्हणून बाजूला ठेवते. त्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. धंदा चालू असल्याची पाहणी झाली की ते कर्जात वळतं होतं. जागेची किंमत प्रकल्पात धरता येत नाही, शेडची येते.

डंका आधीपासून असेल आणि आता पॅकिंगचं मशीन हवं असेल, तर कृषी कार्यालयात जा. तिथे सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगाची केंद्राची योजना 2020 पासून आहे: 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, आणि जुन्या उद्योगालाही. त्यात जिल्हा संसाधन व्यक्ती नावाचा माणूस नेमलेला असतो. प्रकल्प अहवाल करून देणं, बँकेत पाठपुरावा करणं हे त्याचं कामच आहे, आणि त्याचं मानधन योजनेतून निघतं. आमच्या जाऊबाईंनी हेच काम एका एजंटाला 5 हजार देऊन करून घेतलं, तेही अर्धंच. सुतार, लोहार, कुंभार, चांभार असाल तर पीएम विश्वकर्मा बघा. त्यात 18 कामं आहेत, अवजारांसाठी 15 हजार आणि पहिलं कर्ज 1 लाखापर्यंत 5 टक्क्यांनी. छोटी रक्कम आणि अनुदानाची वाट बघायची नसेल तर बँकेचं मुद्रा कर्ज. 50 हजारांपर्यंत शिशु, पुढे 5 लाखांपर्यंत किशोर, तारण लागत नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, स्वतः करा. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल एवढ्यावर होते, आणि सरकारी संकेतस्थळावर एक रुपयाही लागत नाही. पैसे मागणारं पान उघडलं असेल तर ते दुसऱ्याच कुणाचं आहे, बंद करा. तयार चटणी पाकिटात विकणार असाल तर अन्न परवान्याची साधी नोंदणी लागेल, तिची फी वर्षाला 100 रुपये.

आता ज्याच्यामुळे आमचे 3 महिने गेले ते. बँकेच्या आधी आपला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जं आणि हप्ते यांची नोंद, आपण बघायचा. तो देणाऱ्या सिबिलसह चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आम्ही कधी कर्ज काढलंच नव्हतं, त्यामुळे बघायचं काय, असं यांना वाटलं. निघालं काय, तर मेहुण्याच्या ट्रॅक्टरला यांनी जामीन म्हणून सही केली होती आणि त्याचे चार हप्ते थकले होते. जामीनदाराच्या रिपोर्टातही ते दिसतं. थकबाकी भरून, बँकेचं पत्र घेऊन, नोंद दुरुस्त होईपर्यंत दिवाळी गेली. तेव्हा अर्जदाराचा बघा, आणि नवरा-बायकोपैकी दुसरं सहकर्जदार होणार असेल तर त्याचाही.

हे चालू असताना प्रशिक्षण उरकून घ्या. बहुतेक जिल्ह्यांत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, लोक तिला आरसेटी म्हणतात. जिल्ह्याची अग्रणी बँक, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांत पुढारपण दिलेली बँक, ती चालवते. पुणे-साताऱ्याकडे बँक ऑफ महाराष्ट्र, कोल्हापूर-सांगलीकडे बँक ऑफ इंडिया. राहणं, जेवण, शिकवणं सगळं फुकट, आणि कोर्स संपल्यावर दोन वर्षं विचारपूस करतात. मूळ कल्पना कर्नाटकातल्या धर्मस्थळच्या लोकांची, उजिरेला 1982 साली सुरू झालेली. मला तिथे मशीनपेक्षा हिशेब जास्त शिकवला. बचत गटात असाल तर उमेदच्या, म्हणजे गटांचं काम बघणाऱ्या सरकारी अभियानाच्या, ताईंकडून नाव जातं.

प्रकल्प अहवाल कुणीही करून देवो, आकडे तुमच्या तोंडी हवेत. बँकेतले साहेब पहिला प्रश्न विचारतात, दिवसाला किती किलो? मी फुशारकीने 60 म्हणाले. ते म्हणाले, बारा महिने? तिथे मी गप्प. नंतर घरी वहीत महिन्यांचे रकाने पाडले: चैत्रात संकेश्वरी आणि ब्याडगीचा ढीग, आषाढात हळकुंडं आणि थोडे धणे, दिवाळीत भाजणी. तो कागद दाखवून मागितलं की पहिला हप्ता सहा महिन्यांनी सुरू करा. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, आणि मागितल्यावर दिलं.

बँकेत बाजाराच्या दिवशी आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका, पेन्शनची गर्दी असते. फाईल दोन प्रतींत: आधार, पॅन, फोटो, जातीचा दाखला असल्यास तो, आठवीचा निकाल, जागेचा नमुना 8 किंवा भाडेकरार, ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र, कोटेशन, अहवाल. 10 लाखांपर्यंतच्या उत्पादन प्रकल्पाला आठवीची अट नाही, तरी जवळ असू द्या. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. नाकारलं तर कारण लेखी मागा, आणि नुसतंच झुलवत असतील तर पोचेची झेरॉक्स घेऊन अग्रणी बँकेच्या जिल्हा व्यवस्थापकाला भेटा. त्याला भेटायला चिठ्ठी-वशिला लागत नाही.

शेवटी मीटर. थ्री फेजचा अर्ज मंजुरीपत्र आलं की त्याच दिवशी टाका. आमचा डंका एकवीस दिवस ताडपत्रीखाली होता, आणि शेजारच्या आक्का मिरच्यांची दोन पोती घेऊन रोज विचारायच्या, लाईट आली का गं?