अमेरिकेत ज्यू अध्ययन : मराठवाड्यातील विद्यार्थ्याने तयारी कशी करावी

अमेरिकी विद्यापीठांतील ज्यू अध्ययन ही धर्मोपदेशक घडवणारी शाखा नसून इतिहास, भाषा आणि साहित्य यांचा अभ्यास करणारी विद्याशाखा आहे, त्यामुळे प्रवेशासाठी ज्यू असण्याची अट नसते. हार्वर्डमध्ये १९२५ साली आणि कोलंबियात १९३० साली या विषयाची अध्यासने सुरू झाली. आज न्यूयॉर्क विद्यापीठात हिब्रू व ज्यू अध्ययनाचा स्वतंत्र विभाग आहे, बोस्टनजवळच्या ब्रँडाइस विद्यापीठात तो निकट पूर्वेच्या (पश्चिम आशियाच्या) अध्ययनाशी जोडलेला आहे, तर इतरत्र हाच अभ्यास इतिहास किंवा धर्म विभागात चालतो. म्हणून विभागाच्या नावापेक्षा आपल्या विषयावर काम करणारा प्राध्यापक तिथे आहे का, हे आधी पाहावे.

खरी अडचण हिब्रूची आहे. पीएचडीसाठी बहुतेक ठिकाणी हिब्रूची पूर्वतयारी अपेक्षित असते, आणि अर्ज भरताना शिकायला सुरुवात केली तर उशीर झालेला असतो; निदान दीड-दोन वर्षे आधी लागावे. बायबलची हिब्रू आणि आजची हिब्रू यांत फरक आहे : बायबलच्या छापील मजकुरात अक्षरांना स्वरचिन्हे असतात, वर्तमानपत्रात ती जवळजवळ नसतात, त्यामुळे एकच शिकलेला विद्यार्थी दुसरीपुढे अडखळतो. आपण कोणती शिकलो आणि कुठवर आलो, हे अर्जात स्पष्ट लिहावे. ‘सेफारिया’ या संकेतस्थळावर मूळ हिब्रू ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह विनामूल्य वाचता येतात. छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा बीड इथे उर्दू शिकलेल्यांना हिब्रूप्रमाणेच उजवीकडून डावीकडे वाचण्याची सवय असते. ज्यांनी थोडी अरबीही केली आहे, त्यांना तीन व्यंजनांच्या धातूंवर उभे असलेले हिब्रू व्याकरण परके वाटणार नाही.

हिब्रूत आपण मागे असलो, तरी मराठीत पुढे आहोत. कोकणातील बेने इस्रायल या ज्यू समाजाची मातृभाषा मराठी. एकोणिसाव्या शतकात या समाजाने बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने रचली, आणि इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. ही साधने मुळातून वाचू शकणारे अभ्यासक अमेरिकेत थोडेच आहेत. नारदीय किंवा वारकरी कीर्तन ऐकत वाढलेल्या विद्यार्थ्याने अर्जासोबतच्या उद्देशपत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पज) ‘मला ज्यू संस्कृतीची लहानपणापासून आवड आहे’ असे लिहिण्याऐवजी, बायबलमधील मोशेच्या आख्यानात कीर्तनकाराने ओवी, साकी, दिंडी या पद्यप्रकारांपैकी काय निवडले आणि मूळ हिब्रू कथेतले काय वगळले, असा एखादा प्रश्न मांडावा. असे एक वाक्य पानभर कौतुकापेक्षा निवड समितीच्या जास्त लक्षात राहते, असे माझे मत आहे.

पैशाच्या दृष्टीने एमए आणि पीएचडी यांत मोठे अंतर आहे. नामांकित विद्यापीठांत पीएचडीला बहुधा शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळते, एमएचा खर्च मात्र बराचसा स्वतःच करावा लागतो. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्तीच्या २०२२ मधील नियमांत भारतीय संस्कृती व इतिहास यांवरील विषय वगळण्यात आले. बेने इस्रायलांवरचा विषय त्यात अडकू शकतो, म्हणून अर्जापूर्वी चालू वर्षाचे नियम वाचावेत. आय-२० साठी, म्हणजे विद्यार्थी व्हिसाकरिता विद्यापीठ देते त्या प्रवेशाच्या प्रमाणपत्रासाठी, पहिल्या वर्षाच्या खर्चाची तजवीज दाखवताना सातबारा उपयोगी पडत नाही. बँकेतील ठेव, कर्जमंजुरीचे पत्र किंवा विद्यापीठाचे अर्थसाहाय्य लागते.

पीएचडीच्या अर्जांची मुदत साधारण डिसेंबर-जानेवारीत संपते. आपली पदवी तीन वर्षांची असेल तर ती चालते का, हे प्रत्येक विद्यापीठाला ई-मेलने विचारावे, आणि परीक्षा विभागाकडून मिळणाऱ्या ट्रान्सक्रिप्टसाठी (सर्व वर्षांच्या गुणांची अधिकृत नोंद) दिवाळीच्या सुट्टीआधीच अर्ज करावा.

आय-२० आल्यावर सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेचे) ३५० डॉलर भरून डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज करावा लागतो. मुंबईत व्हिसासाठी बोटांचे ठसे आणि मुलाखत यांच्या वेळा सहसा वेगवेगळ्या दिवशी असतात, त्यामुळे देवगिरी एक्स्प्रेसने जाऊन त्याच रात्री परतण्याचा बेत न करता मुक्कामाची सोय करावी. ‘हाच विषय का?’ हे व्हिसा अधिकारी विचारू शकतो. त्याला बेने इस्रायलांच्या मराठी साधनांविषयी दोन वाक्यांत सांगावे, आणि परतल्यावर कोणत्या विद्यापीठात किंवा अभिलेखागारात काम करण्याचा विचार आहे, तेही जोडावे.