खानदेशात बसून त्रुबादूरांची कविता कशी अभ्यासावी

मध्ययुगीन दक्षिण फ्रान्समध्ये ऑक्सितान भाषेत रचना करणाऱ्या त्रुबादूर कवींच्या कवितेचा अभ्यास सुरू करताना वाङ्मयेतिहासाचे जाडजूड ग्रंथ बाजूला ठेवावेत आणि एकच कविता घेऊन तिच्यापाशी महिनाभर थांबावे. माझ्या मते ती बाराव्या शतकातील बेर्नार्त दे व्हेंतादोर्न या कवीची ‘कान वेइ ला लाउझेता मोवेर’ ही असावी. उन्हाच्या दिशेने आनंदाने पंख हलवीत चढणारा आणि काळजात दाटलेल्या गोडीने स्वतःला विसरून खाली झेपावणारा चंडोल तिच्या आरंभी आहे. ज्वारी काढल्यावरच्या मोकळ्या शिवारात ज्याने चंडोल पाहिला आहे, त्याला या ओळी परक्या वाटणार नाहीत.

कामचलाऊ फ्रेंच मात्र आधी शिकावीच लागते, कारण नवशिक्याला सर्वांत सोयीचा असा एमिल लेव्ही यांचा 1909 चा छोटा कोश ऑक्सितान-फ्रेंच आहे. आधुनिक फ्रेंच शिकून आलेला विद्यार्थी नामाच्या शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा समजून हमखास फसतो. जुन्या ऑक्सितानमधील पुष्कळ पुल्लिंगी नामांत तो कर्त्याच्या एकवचनाला लागतो आणि कर्माच्या एकवचनात गळतो. ‘घोडा’ आणि ‘घोड्याला’ यांतला फरक ज्याच्या जिभेवर आहे, त्याने हा नियम मराठीच्याच कानाने ऐकावा. एकच शब्द निरनिराळ्या नकलांत निरनिराळ्या वर्णांनी लिहिलेला असतो, म्हणून पहिल्या ओळीवर विसंबून कविता शोधू नये. पिले आणि कार्स्टेन्स यांनी 1933 मध्ये केलेल्या त्रुबादूर कवितांच्या सूचीतील 70,43 हा क्रमांक वहीत टिपून ठेवावा. त्यातला पहिला आकडा कवीचा, दुसरा कवितेचा.

खरे काम यानंतरचे आहे. बेर्नार्तच्या हातची प्रत उपलब्ध नाही. कविता टिकली ती मुख्यतः तेराव्या-चौदाव्या शतकांतील संग्रहांत, आणि त्यांत कडव्यांचा क्रमही सारखा नाही. माझी आजी जात्यावर जी अहिराणी ओवी म्हणायची, तीच मावशी दुसऱ्या क्रमाने म्हणायची, आणि दोघींपैकी कोणाचीही चूक नव्हती. बहिणाबाईंची गाणी मुलाने व आप्ताने लिहून घेतली म्हणून आपल्यापर्यंत आली, हे जाणणाऱ्या खानदेशी वाचकाला या नकलांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील फ्रेंच 22543 हे हस्तलिखित त्याच ग्रंथालयाच्या ‘गॅलिका’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते, आणि त्यात या कवितेची चालही स्वरांकित आहे. वहीत प्रत्येक हस्तलिखिताला एक रकाना द्यावा, ओळीसमोर ओळ उतरवावी आणि पाठभेद दिसताच ‘शुद्ध’ पाठ ठरविण्याची घाई करू नये. कवींची जुनी गद्य चरित्रेही जपून वाचावीत: बेर्नार्त गढीतली भट्टी पेटविणाऱ्या नोकराचा मुलगा होता, ही माहिती अशाच एका चरित्रातली आहे.

शेवटी मराठी अनुवाद करून पाहावा, कारण आपल्याला काय कळले नाही ते तिथेच उघडे पडते. अखेरच्या भागात कवी आपल्या स्वामिनीला ‘मिदोन्स’ म्हणतो, आणि हा शब्द मुळात ‘माझा स्वामी’ अशा पुल्लिंगी अर्थाचा आहे. ‘सखी’ किंवा ‘प्रिये’ लिहिले की त्यातली चाकरी नाहीशी होते. म्हणून सालदार ज्या शब्दाने शेताच्या धन्याला हाक मारतो, तो ‘मालक’ हाच शब्द मी स्त्रीसाठी तसाच ठेवला आणि खाली टीप दिली.