कणेरी मठाला जाताना घरातलं जाणतं माणूस बरोबर घ्या

कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावरचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय, म्हणजे पुतळ्यांतून उभं केलेलं जुनं खेडं, मी दोनदा पाहिलं. पहिल्यांदा मैत्रिणींबरोबर तासाभरात उरकलं, फोटो काढले आणि अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूर गाठलं. दुसऱ्यांदा आण्णांना, म्हणजे माझ्या ७८ वर्षांच्या वडिलांना, घेऊन गेले. सकाळी आत शिरलो ते दुपार टळल्यावर बाहेर आलो. तेव्हापासून कुणी विचारलं की मी आधी हेच सांगते, ज्यानं जुनं खेडं डोळ्यांनी पाहिलंय असं माणूस सोबत न्या.

कोल्हापूरहून कागलच्या दिशेनं महामार्गाला लागायचं आणि गोकुळ शिरगावपाशी कणेरीकडे आत वळायचं. अंतर साधारण १५ किलोमीटर. पुणे-साताऱ्याकडून येणाऱ्यांनी भल्या पहाटे निघावं, म्हणजे ऊन चढायच्या आत निम्मं बघून होतं. शिल्पं बहुतेक उघड्यावर आहेत आणि चालणं बरंच आहे. टोपी, पाण्याची बाटली आणि म्हाताऱ्या माणसासाठी घडीचं स्टूल घ्याच. आम्हाला त्या स्टुलाचा जेवढा उपयोग झाला तेवढा कशाचाच नाही. एप्रिल-मे टाळा. दिवाळीनंतरचे दिवस सगळ्यात चांगले.

सुरुवातीला गुहेसारख्या भागात चरक, सुश्रुत, कणाद, पतंजली अशा ऋषींचे पुतळे लागतात. तिथे फार रेंगाळू नका, पाय आणि वेळ बाहेरच्या गावासाठी राखून ठेवा. सात-आठ एकरांवर सुमारे ८० प्रसंग आणि ३०० पुतळे उभे केलेत, सगळे सिमेंटचे आणि माणसाच्या मापाचे. बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार, शेतकरी, बायाबापड्या, गुरंढोरं. पुतळ्यांच्या हाताकडे आणि पायाकडे नीट बघा. मनगटाच्या शिरा, भेगाळलेल्या टाचा, ओझ्यानं वाकलेली मान, कलाकारांचं खरं कसब तिथे दिसतं.

आण्णा लोहारापाशी थांबले ते पाऊण तास हलले नाहीत. आमचं घर लोहाराचं, त्यांचं लहानपण भात्याशी गेलेलं. माझ्या पोरीनं विचारलं, "आजोबा, तुम्ही काय काय बनवायचा?" त्यावर विळे-खुरप्यांवरून गोष्ट बैलगाडीच्या चाकावर आली. चाकाची लोखंडी धाव, म्हणजे चाकावरची गोल पट्टी, लाकडाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी लहान ठेवायची. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईस्तोवर तापवायची, तापली की ती वाढते. मग दोघा-तिघांनी सांडशीनं उचलून चाकावर घालायची, ठोकून बसवायची आणि लाकूड पेट घ्यायच्या आत पाणी ओतायचं. निवताना धाव आवळते आणि आरे तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यात, गच्च बसतात. पाणी ओतायचं काम आण्णांकडं होतं. "उशीर झाला तर सुताराची सगळी मेहनत जळायची," म्हणाले. पोरीनं प्रसरण-आकुंचन शाळेत पाठ केलं होतं. ते तिला तिथे, त्या ऐरणीपाशी कळलं.

म्हणून सोबतच्या माणसाला "कसं वाटलं?" असं विचारू नका, त्याला उत्तरच येत नाही. "हे हत्यार कुठल्या हातात धरायचे?", "याची मजुरी काय मिळायची?" असं विचारा.

मजुरीवरून आण्णा वेगळंच बोलले. सुगीत खळ्यावर बलुतं, म्हणजे कामाबद्दलचं धान्य, आणायला जायचं, तेव्हा पाटीत धान्य पडेपर्यंत खाली बघून उभं राहायचं. कामं वर्षभर केलेली, तरी मागणाऱ्यासारखं. हे कुठल्याच पुतळ्यात दिसत नाही. तिथलं गाव नांदतं, हसरं आहे आणि ते बघायला मला मनापासून आवडतं. पण पोरांना नेणाऱ्यांनी एवढं जरूर सांगावं, की धंदा जन्मानं गळ्यात पडायचा, आवडीनं निवडता यायचा नाही. काहींना गावकुसाबाहेर राहावं लागायचं आणि गावच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. आपल्या घरातलं कुणी हे सोसलं असेल तर त्यालाच बोलू द्यावं, आपण मध्ये पडू नये.

मठात महादेवाचं जुनं देऊळ आहे. दर्शन शेवटी घ्या, तिथल्या सावलीत दमलेल्या माणसाला बसता येतं. डबा घरूनच नेलेला बरा. आम्ही भाकरी, झुणका आणि खर्डा नेला होता. वेळ उरला तर संध्याकाळी कोल्हापुरात रंकाळा तलावावर जा, पण संग्रहालयाचा वेळ कापून नको.

शेवटची गोष्ट फोनची. फोटोंपेक्षा आवाज रेकॉर्ड करा. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर मध्येच कुणाचातरी कॉल येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. फोन बोलणाऱ्याच्या छातीजवळ धरा, उघड्यावर वारा फार असतो. आण्णांचं ४० मिनिटांचं बोलणं माझ्याकडं आहे. त्यात एका जागी ते भात्याचा आवाज तोंडानं काढून दाखवतात आणि मागं माझी पोरगी म्हणते, "परत एकदा."