गाडीचा रेडिओ कोड मागतोय? या चुका टाळा

बॅटरी बदलली, गाडी सुरू झाली आणि रेडिओच्या पडद्यावर नुसतं ‘कोड’ किंवा ‘सेफ’. पुण्यात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करताना हे गाऱ्हाणं मी इतक्यांदा ऐकलंय, की फोनवर समोरचा बोलायला लागला की मी पहिलं विचारतो, “आत्तापर्यंत किती वेळा नंबर टाकून पाहिलात?” बहुतेक जण म्हणतात, “दोन-चारदाच.” तिथेच माझा जीव खाली-वर होतो. कोड मागणारा रेडिओ बिघडलेला नसतो. त्याची वाट लागते ती पुढच्या अर्ध्या तासातल्या घाईने.

रेडिओ कोड का मागतो ते आधी समजून घ्या. कंपनीतून बसून आलेल्या रेडिओत एक छोटी मेमरी चिप असते आणि कोड त्या चिपमध्ये कायमचा असतो. वीज गेली तरी तो पुसला जात नाही. रेडिओला दोन ठिकाणांहून करंट येतो. एक चावी फिरवल्यावर येणारा, दुसरा बॅटरीवरून कायम येणारा. बाजारात मिळणाऱ्या टेपच्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, या कायमच्या लाइनची वायर बहुधा पिवळी असते. ही लाइन तुटली, की आपल्याला कुणीतरी डॅशबोर्डमधून उपसून नेलंय असं रेडिओ धरून चालतो आणि पुन्हा करंट मिळाला की मालकाची ओळख मागतो. बॅटरी बदलणारा आणि रेडिओ चोरणारा यांतला फरक त्याला कळत नाही. तो आपण कोड देऊन सांगायचा असतो.

अंदाजाने नंबर टाकणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं, म्हणून हिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया घेऊन आले. गणपतीला गुहागरला जाताना वाटेत बॅटरी बसली, एका दुकानात नवी टाकून घेतली. रेडिओ लावला तर ‘सेफ’. थोड्या वेळाने पडद्यावर १००० हा आकडा आला. दुकानातला मुलगा म्हणाला, “सर, आला बघा कोड, ओके करा.” त्यांनी केलं. पहिली संधी तिथेच गेली. स्कोडा आणि फोक्सवॅगनच्या त्या काळातल्या बऱ्याच रेडिओंवर १००० येतं, पण तो कोड नसतो. आकडे बदलायला सुरुवात जिथून करायची ती जागा असते. मग त्या मुलाने १२३४ टाकून पाहिलं. दुसरी संधीही गेली. या रेडिओंना दोनच संधी असतात. त्यानंतर ते साधारण तासभर कुलूपबंद होतात.

खरी चूक यानंतरची. सरांनी गाडी बंद केली, रात्र गेली, सकाळी पुन्हा नंबर टाकायला गेले. कुलूप तसंच. रात्रभर थांबलो म्हणजे तास कधीच होऊन गेला, असं त्यांना वाटत होतं. पण तो तास रेडिओ चालू असतानाच मोजला जातो. चावी काढून, रेडिओ बंद ठेवून आठ दिवस थांबलात तरी तो तास पुढे सरकत नाही. सरांनी हेच आठ दिवस केलं. रोज सकाळी नंबर टाकायचा प्रयत्न, मग गाडी बंद. गणपती झाले, ते पुण्यात परत आले आणि थेट माझ्याकडे. एका गॅरेजने त्यांना तोवर नवी सिस्टीम टाकायचा खर्चही सांगून ठेवला होता.

मी बॅटरीला चार्जर लावला, रेडिओ चालू केला आणि बटणांना हात लावू नका म्हणालो. चार्जर महत्त्वाचा. इग्निशन तासभर चालू ठेवलं आणि बॅटरी आधीच अर्धमेली असली, तर गाडी सुरू व्हायची नाही आणि पुन्हा करंट गेला की सगळं पहिल्यापासून. तेवढ्या वेळात आम्ही गाडीची कागदपत्रं बघत बसलो. मॅन्युअलच्या रेक्झिनच्या पाकिटाच्या आतल्या कप्प्यात एक छोटं कार्ड होतं, उन्हाने अस्तराला चिकटून बसलेलं. त्यावर चार आकडी कोड. गाडी घेतली त्या दिवसापासून ते तिथेच होतं. तास भरल्यावर कोड टाकला, पहिल्या झटक्यात रेडिओ लागला. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या पत्नीच्या आवडीच्या भजनांची सीडी त्या प्लेअरमध्येच अडकली होती आणि त्यांना ती हवी होती. पडद्यावर १००० दिसलं, की अजूनही मला तो दिवस आठवतो.

म्हणून सांगतो, कोड हातात नसेल तर एकही बटण दाबू नका. ०००० नको, १२३४ नको, गाडीचा नंबर नको, लग्नाची तारीख तर नकोच. चार आकड्यांच्या दहा हजार जुळवण्या होतात आणि तुमच्याकडे मोजक्याच संधी असतात.

कंपनीगणिक शिक्षा वेगळी असते. होंडाच्या पाच आकडी कोडला दहा संधी मिळतात, त्यानंतर रेडिओ तासभर चालू ठेवून थांबावं लागतं. फियाटच्या पुंटो-लिनियामध्ये थांबायचा वेळ प्रत्येक चुकीनंतर वाढतो: आधी १ मिनिट, मग २, मग ४, करत करत २४ तासांपर्यंत. रेनोचाही वेळ असाच वाढत जातो. फोर्डचे काही रेडिओ दहा चुकांनंतर पुरते बंद होतात, मग घरी बसून काही करता येत नाही.

बटणांची पद्धत न बघणं

कोड बरोबर असतो आणि तरी लोक चुकतात. मोबाइलवर पिन टाकावा तसं ते १-२-३-४ बटणं दाबत सुटतात. होंडा आणि फियाटमध्ये ते चालतं, कारण तिथे बटणाचा आकडा हाच कोडचा आकडा. होंडाच्या अशा रेडिओंवर आणि फियाटवर १ ते ६ अशीच बटणं असल्यामुळे कोडही त्याच आकड्यांचा असतो. कुणी तुम्हाला सिव्हिकसाठी किंवा लिनियासाठी ८ किंवा ९ असलेला कोड विकला, तर तो खोटा आहे हे तिथेच समजा.

जुन्या स्कोडा-फोक्सवॅगनमध्ये मात्र पहिलं बटण म्हणजे पहिली जागा. पहिला आकडा ३ हवा असेल, तर ३ दिसेपर्यंत पहिलंच बटण दाबत राहायचं. मग दुसऱ्या बटणाने दुसरा आकडा. चारही जुळले की सीकचं, म्हणजे स्टेशन शोधायचं, बटण दोन-तीन सेकंद दाबून धरायचं. फोर्डच्या ‘६००० सीडी’ या रेडिओमध्येही आकडे असेच फिरवायचे, फक्त शेवटी ५ नंबरचं बटण दाबायचं. माझी सवय अशी, की कोड आधी कागदावर मोठ्या अक्षरात लिहितो, स्टिअरिंगवर ठेवतो आणि मगच हात लावतो. घाईत असलेल्या गिऱ्हाइकाला मी तेवढा वेळ गाडीतून उतरवतो. मागून कुणी आकडे वाचून दाखवायला लागलं की चूक ठरलेली.

होंडात मध्येच चुकीचा आकडा दाबला गेला तर तिथून नव्याने सुरुवात करू नका. पाचही आकडे पुरे करा, रेडिओला चूक दाखवू द्या आणि मग बरोबर कोड पहिल्यापासून टाका. नाहीतर पुढचे सगळे आकडे एका घराने सरकतात आणि बरोबर कोड चुकीचा ठरतो. नंतरच्या काही होंडा गाड्यांत कोड लागतच नाही. पॉवरचं बटण दोन सेकंदांहून जास्त दाबून धरलं, की रेडिओ गाडीला ओळखतो आणि सुरू होतो. कोड शोधायला लागण्याआधी हे करून बघा.

चुकीचा नंबर पाठवणं

“कोड काढून द्या,” म्हणून व्हॉट्सॲपवर फोटो येतो आणि त्यात आरसी बुकावरचा चासी नंबर असतो. डीलरला गाडीची ओळख पटवायला तो लागतो, पण कोड रेडिओच्या सीरियल नंबरशी जोडलेला असतो. रेडिओच्या अंगावर एकापेक्षा जास्त स्टिकर असतात. त्यातला पार्ट नंबर एकाच मॉडेलच्या हजारो रेडिओंवर सारखाच असतो, तो निरुपयोगी. ‘व्हीडब्ल्यूझेड’ किंवा ‘एसकेझेड’ने सुरू होणारा लांब नंबर फोक्सवॅगन-स्कोडाचा. रेनोचा प्रीकोड, म्हणजे ज्यावरून कोड काढतात तो रेडिओवरचा नंबर, छोटा असतो, एक अक्षर आणि तीन आकडे. फोटो उजेडात काढा. शून्य आणि ओ, आठ आणि बी, पाच आणि एस यांच्यात गफलत झाली की दुसऱ्याच रेडिओचा कोड येतो आणि तुमची एक संधी जाते.

सिव्हिकसारख्या होंडा गाड्यांत सीरियलसाठी रेडिओ उपसायची गरज नसते. चावी फिरवा, रेडिओ बंद ठेवा, १ आणि ६ ही बटणं एकत्र दाबून धरा आणि पॉवर दाबा. नंबर पडद्यावर येतो. त्याआधी ग्लोव्ह बॉक्सच्या आत एखादं छोटं पांढरं स्टिकर आहे का बघा, बऱ्याचदा कोड तिथेच असतो. स्क्रूड्रायव्हरने डॅश उचकटायच्या आधी पाच मिनिटं हे शोधा. फुटलेला डॅशबोर्ड कुठलाही कोड टाकून जुळत नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकांना एक गोष्ट सोपी आहे. तिथल्या होंडा मालकांसाठी कंपनीची कोड देणारी वेबसाइट आहे. ती तिथल्याच गाड्यांसाठी. आपल्या सिटी-सिव्हिकसाठी तुमच्या भाच्याने न्यू जर्सीतून कितीही प्रयत्न केला, तरी इथल्या डीलरकडेच जावं लागतं.

रोज कोड टाकत बसणं

रेडिओ एकदाच कोड मागत असेल तर ठीक. आठवड्याला किंवा रोज मागत असेल तर दोष कोडात नाही, हे कृपा करून लक्षात घ्या.

एक बँकेतल्या ताई चार महिने रोज सकाळी सिव्हिकमध्ये बसल्या की पाच आकडे टाकायच्या. त्यांना ते पाठ झालं होतं. एका गॅरेजमध्ये रेडिओ जुना झालाय, बदला असं सांगितलं होतं. माझ्याकडे आल्या तेव्हा मी रेडिओकडे बघितलंही नाही, बॉनेट उघडलं. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर आणि क्लॅम्प हाताने फिरत होता. स्टार्टर फिरताना तिथला संपर्क क्षणभर सुटायचा आणि रेडिओचा कायमचा करंट तुटायचा. क्लॅम्प काढला, गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतला, १० नंबरच्या पान्ह्याने आवळला, वर पेट्रोलियम जेली. पुन्हा कधी कोड मागितला नाही. चार महिने एक बाई रोज सकाळी हा त्रास काढते आणि कुणी बॉनेट उघडून बघत नाही, याचा मला राग येतो. दहा मिनिटांचं काम होतं ते.

टर्मिनल ठीक असेल तर रेडिओच्या कायमच्या लाइनचा फ्यूज बघा. होंडात त्याच्यासमोर ‘बॅकअप’ लिहिलेलं असतं. बाहेर हॉर्न किंवा कॅमेरा बसवून घेतल्यापासून हे सुरू झालं असेल तर आधी तिथली जोडणी तपासा. आणि फियाटमध्ये बॉडी कंट्रोलचं, म्हणजे गाडीच्या कंप्युटरचं, काम झाल्यावर रेडिओ कोड मागायला लागला तर घाबरू नका. एरवी तो रेडिओ गाडीच्या कंप्युटरशी ओळख पटवून स्वतःच सुरू होतो. कंप्युटर बदलला की ती ओळख तुटते.

थोडक्यात आणखी काही

रेडिओ रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून कोड जात नाही. आत दव धरतं आणि बोर्डावर गंज चढतो.

चिपचे पाय चिमट्याने शॉर्ट करण्याचे व्हिडिओ बघून घरी प्रयोग करू नका. प्रोग्रामर नावाच्या यंत्रावर चिप वाचून कोड काढता येतो, पण ते हात बसलेल्याचं काम आहे.

नेटवरचे कोड काढणारे प्रोग्राम सगळेच खोटे नसतात. काही रेनो आणि फोर्ड रेडिओंचं गणित माहीत असलेलं आहे. पण पैसे आधी मागणाऱ्या अनोळखी माणसाला यूपीआय करू नका आणि तिथून फाइल उतरवून चालवू तर नकाच.

जुन्या बाजारातून ‘अस्सल कंपनीचा’ रेडिओ स्वस्तात आणून “अनलॉक करून द्या” म्हणणारे बरेच येतात. मी आरसी आणि पावती बघितल्याशिवाय हात लावत नाही. त्यामुळे गिऱ्हाईक जातं, जाऊ दे. तो रेडिओ कुणाच्या तरी गाडीची काच फोडून आलेला असू शकतो आणि कोड नेमका त्यासाठीच बसवलाय.

बॅटरीला हात लावण्याआधी

माझ्या दुकानात निगेटिव्ह सैल करायच्या आधी पोराने रेडिओ चालू करून बघायचा आणि मालकाला कोड विचारायचा, असा दंडक आहे. कोड नसेल आणि मालकाला शोधायला वेळ हवा असेल, तर दुसरी १२ व्होल्टची बॅटरी समांतर जोडून करंट तुटू न देता अदलाबदल करतो. त्यात पॉझिटिव्हचा सुटा क्लॅम्प बॉडीला लागला तर ठिणगी उडते, म्हणून तो रबरी हातमोज्यात गुंडाळतो. घरी करणार असाल तर हा मार्ग नको. कोड शोधा, मग बॅटरी काढा.

कार्ड सापडलं की त्याचा फोटो काढा आणि घरातल्या आणखी एकाला पाठवून ठेवा. मूळ कार्ड गाडीत ठेवू नका. गाडीसोबत चोरी झाली तर चोराला कोडही मिळतो. वापरलेली गाडी घेताना दुसरी चावी मागता तसं रेडिओचं कार्डही मागा, विशेषतः रांजणगावात बनलेली पुंटो किंवा लिनिया घेत असाल तर. फियाटच्या शोरूम बंद झाल्यात आणि जुन्या मालकाच्या कपाटातलं ते कार्ड आता शोधायला सगळ्यात सोपं आहे.