गो भाषेत एरर रॅप करताना या चुका टाळा

मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढली की आडतीचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांचे फोन थांबत नाहीत. लातूर असो की हिंगोली, पलीकडून मुनीमजी एवढंच सांगतात, "पट्टी निघंना." पट्टी म्हणजे शेतकऱ्याला मिळणारी विक्रीच्या हिशोबाची पावती. लॉग उघडावा तर एकच ओळ: "फाइल सापडली नाही". कुठली फाइल? वजनाची, दराची की खात्यांची? तिथे "लॉट ४१२ ची पट्टी: काट्याचं वजन वाचताना: फाइल सापडली नाही" असं दिसलं, तर काट्याचा संगणक चालू आहे का, हे फोनवरच विचारता येतं. एरर रॅप करायचा, म्हणजे मूळ एररभोवती अशी माहिती गुंडाळून तो वर पाठवायचा, तो यासाठी.

गो या प्रोग्रॅमिंग भाषेत हे काम बरीच वर्षं डेव्ह चेनी यांच्या 'पीकेजी एरर्स' या छोट्या लायब्ररीने केलं. २०१९ मध्ये गो १.१३ आलं आणि '%डब्ल्यू' (रॅप करायची खूण), 'एरर्स.इज' (एकात एक गुंडाळलेल्या एररच्या साखळीत ठरावीक एरर आहे का ते पाहणारं) आणि 'एरर्स.ॲज' (त्या साखळीतून ठरावीक प्रकारचा एरर काढून देणारं) भाषेतच मिळाले. लायब्ररी आता अर्काइव्ह झाली आहे, पण जुन्या कोडमध्ये ती सर्रास सापडते. ती काढतानाच सगळ्यात वाईट चूक होते.

लायब्ररीच्या 'रॅप' फंक्शनला निल (म्हणजे एररच नाही) दिलं तर निलच परत मिळतं. म्हणून फंक्शनच्या शेवटी कुठलीही तपासणी न करता थेट 'रॅप' परत करायची सवय लागलेली असते. तिथे शोधा-आणि-बदला करून 'एररएफ' (एरर बनवणारं गोचं फंक्शन, '%डब्ल्यू' यातच लिहितात) घातलं की घात होतो. 'एररएफ' निल मिळालं तरी एरर बनवतंच. कोड निमूट कंपाइल होतो. मग पट्टी व्यवस्थित छापून येते आणि तरी प्रोग्रॅम चूक झाली समजून व्यवहार रोलबॅक करतो, म्हणजे मागे घेतो: शेतकऱ्याच्या हातात कागद, खात्यात नोंद नाही. लॉगमधल्या संदेशाच्या शेवटी टक्का, उद्गारचिन्ह, डब्ल्यू आणि कंसात निल असं काही दिसलं, तर दुसरीकडे शोधूच नका. बदल हाताने करा. आधी एरर निल आहे का तपासा, मगच रॅप करा.

'%डब्ल्यू'च्या जागी '%व्ही' (नुसता मजकूर घालणारी खूण) लिहिलं तरी छापलेला मजकूर हुबेहूब तोच येतो, त्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही. आत मात्र साखळी तुटते आणि 'एरर्स.इज'ला मूळ एरर सापडत नाही. यासाठी टेस्टमध्ये मजकूर न तपासता 'एरर्स.इज' तपासा.

थेट '==' ने तुलना करणं हीसुद्धा तितकीच जुनी खोड. समजा, खातं सापडलं नाही, 'एररनोरोज' (डेटाबेसमध्ये नोंद नसल्याचा एरर) आला, तर नवीन खातं उघडायचं असं लिहिलंय. उद्या कुणी खालच्या फंक्शनमध्ये रॅप वाढवला की ती तुलना खोटी ठरते आणि पहिल्यांदाच माल आणलेल्या शेतकऱ्याचं खातंच उघडत नाही. जुन्यांचं काम चालू असतं, म्हणून दोष पटकन सापडत नाही.

लायब्ररी आणि '%डब्ल्यू' एकत्र वापरत असाल तर लायब्ररीच्या 'एरर्स.कॉज'वर (मूळ एरर काढून देणाऱ्या फंक्शनवर) विसंबू नका. '%डब्ल्यू'ने रॅप केलेल्या एररच्या आत ते उतरत नाही, तिथेच थांबतं.

'एरर्स.ॲज'ला व्हेरिएबलचा पत्ता द्यायचा असतो. 'गो व्हेट' (कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणारं गोचं साधन) चालवलं की ही चूक बहुधा पकडली जाते.

प्रत्येक थरात लॉगही करायचा आणि एरर परतही करायचा, हे कृपया नको. एकाच बिघाडाच्या पाच नोंदी होतात. सगळ्यात वरच्या थरात एकदाच लॉग करा.

रॅप न करणंही कधीकधी बरोबर असतं. डेटाबेसचा एरर '%डब्ल्यू'ने बाहेर दिला की बाहेरचा कोड त्यावर अवलंबून राहतो, आणि पुढे डेटाबेस बदलणं जड जातं. तिथे स्वतःचा 'खातं नाही' असा एरर द्या.

गो १.२० पासून अनेक एरर एकत्र जोडणारं 'एरर्स.जॉइन' आहे, एका गाडीतले अनेक लॉट फसले तर ते सोयीचं पडतं. मात्र अशा जोडलेल्या एररवर 'एरर्स.अनरॅप' (एक वेष्टन काढून आतला एरर देणारं) निल देतं. साखळी उलगडणारं हाताने लिहिलेलं लूप कोडमध्ये असेल, तर 'जॉइन' वापरण्याआधी ते काढून 'एरर्स.इज' घाला.