व्यसन सोडवताना घरच्यांकडून होणाऱ्या चुका

गोव्यातील आमच्या डिचोली तालुक्यात चतुर्थीचे दिवस बहुतेक घरांत कडक पाळले जातात. वर्षभर रोज संध्याकाळी फेणी घेणारा माणूसही गणपती घरात असेपर्यंत ग्लासाला हात लावत नाही. माझ्या मामांनी एका वर्षी असेच केले. चतुर्थीच्या संध्याकाळी आरतीला घुमट वाजवताना त्यांची बोटे थरथरू लागली आणि अंगाला दरदरून घाम फुटला. रात्री ते माटोळीकडे, म्हणजे गणपतीच्या वर फळे-भाज्या टांगलेल्या लाकडी चौकटीकडे, बोट दाखवून तिथे साप लोंबत आहेत असे सांगू लागले. मामींनी देवाला गाऱ्हाणे घातले, सोवळ्यात काही चुकले का याची चौकशी झाली, कुणी नारळ ओवाळून टाकला. पहाटे मामांना झटका (फिट) आला तेव्हा कुठे १०८ ला फोन गेला. आम्ही सगळेच त्या रात्री चुकलो, आणि हीच चूक दरवर्षी कितीतरी घरांत होत असणार असे वाटते, म्हणून हे लिहीत आहे.

रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एका दिवसात बंद करणे हे धैर्याचे लक्षण आहे, हा व्यसनाबाबतचा सर्वांत घातक गैरसमज म्हणावा लागेल. दारू मेंदूचे काम मंदावते. वर्षानुवर्षे तिची सवय झालेला मेंदू तोल सांभाळण्यासाठी स्वतःला सतत अधिक उत्तेजित ठेवायला शिकतो, आणि दारू अचानक थांबली की ती उत्तेजना मोकाट सुटते. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा तासांपासून हात कापणे, घाम, मळमळ आणि अस्वस्थता सुरू होते. झटके बहुधा पहिल्या ४८ तासांत येतात, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना तीव्र भ्रम होतो, ज्यात माणूस दगावूही शकतो. झोपेच्या किंवा चिंता कमी करणाऱ्या काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्या असतील तर त्याही अशाच अचानक थांबवणे धोक्याचे असते. ब्राऊन शुगरचे, म्हणजे भेसळयुक्त हेरॉइनचे, तसे नाही. ती थांबवल्यावर अंगदुखी, उलट्या, जुलाब आणि तळमळ यांनी माणूस पिळवटून निघतो, परंतु जीव सहसा त्यामुळे जात नाही. तिचा खरा धोका नंतर येतो. म्हणून श्रावण, चतुर्थी किंवा सप्ताह यांसाठी कुणी दारू सोडणार असेल, तर काही दिवस आधीच डॉक्टरांना गाठावे. ते हा त्रास आवरणारी औषधे देऊन त्यांचा डोस हळूहळू उतरवत नेतात आणि बी-१ जीवनसत्त्व देतात, कारण दीर्घकाळ पिणाऱ्यांत त्याच्या कमतरतेमुळे मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

दुसरी चूक प्रेमापोटी होते, आणि म्हणूनच ती थांबवणे अवघड जाते. दारू सोडवणारी गोळी घरची बाई गुपचूप आमटीत कालवते. या गोळीचे, म्हणजे डायसल्फिरामचे, काम असे की ती पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात आणि रक्तदाब धोकादायकरीत्या खाली येऊ शकतो. गोळी थांबवल्यानंतरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. ज्याला आपण ती घेतली आहे हेच ठाऊक नाही तो नेहमीप्रमाणे बारमध्ये जाऊन बसणार, आणि हृदय कमकुवत असेल तर त्याचा तिथेच अंत होऊ शकतो. शिवाय हे उघडकीस आले की तो घरच्या जेवणावरही विश्वास ठेवत नाही. हे औषध आधी तपासण्या करून आणि रुग्णाच्या संमतीनेच द्यायचे असते.

देवासमोर नारळ ठेवून घेतलेल्या शपथेविषयी मला पूर्ण आदर आहे. अनेकांना त्या शपथेने आधार दिलेला मी पाहिला आहे. तथापि शपथ मोडली म्हणून माणसाला खोटारडा, नालायक ठरवणे चुकीचे आहे. अमली पदार्थांच्या व्यसनावर उपचार घेतलेल्यांपैकी ४० ते ६० टक्के लोक पुन्हा वापराकडे वळतात असे अमेरिकेच्या अमली पदार्थविषयक राष्ट्रीय संस्थेचे (NIDA) आकडे सांगतात, आणि रक्तदाब किंवा दमा असलेल्यांचे औषधपाणी सुटून त्रास उलटण्याचे प्रमाणही त्याहून कमी नसते. रक्तदाब पुन्हा वाढला तर आपण डोस तपासून घेतो, रुग्णाशी अबोला धरत नाही. मामांचा पाय शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या, दिवसांत पुन्हा घसरला तेव्हा मामींनी त्यांना फक्त विचारले, 'कालपासून की आजपासून?' आणि सकाळी त्यांना घेऊन बांबोळीच्या मानसोपचार संस्थेकडे जाणारी बस पकडली. मला आजही वाटते की त्या प्रश्नाने बरेच काही वाचवले.

नुसत्या बोलण्याने काय होणार, असेही म्हटले जाते. याचे उत्तर गोव्यातच मिळाले आहे. येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत हानिकारक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांशी, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी एक ते चार भेटींत पद्धतशीर संवाद साधला. या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुषांचे पिणे हानिकारक पातळीखाली आले होते. इतरांत हे प्रमाण २६ टक्के होते. मामांइतके तीव्र अवलंबित्व असलेल्यांसाठी ही पद्धत नव्हती, पण त्या थराला जाण्याआधी ती उपयोगी पडते. लग्न लावून दिले की सुधारेल, या समजुतीला मात्र कसलाही आधार नाही, आणि त्यात दुसऱ्याच्या मुलीचे आयुष्य पणाला लागते.

ड्रग्ज ही हणजूण-वागातोरच्या किनारपट्टीची आणि पर्यटकांची गोष्ट आहे, ती आपल्या गावात येणार नाही, या विश्वासापायी मुलाच्या बदललेल्या झोपेकडे, आटलेल्या भुकेकडे आणि घरातून नाहीशा होणाऱ्या पैशांकडे दुर्लक्ष होते. कळल्यावर पोलिसांच्या भीतीने ते लपवले जाते. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा आहे आणि त्यातील ६४-अ हे कलम या ठिकाणी महत्त्वाचे आहे. केवळ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येते. खोलीत साखळीने बांधून ठेवणे हा तर उपचारच नव्हे. दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कक्षेत येतात, आणि रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंड घालण्यास त्या कायद्याने मनाई आहे.

ब्राऊन शुगरचा नंतरचा धोका म्हणालो, तो असा. काही आठवडे वापर थांबला की शरीराची सहनशक्ती उतरते. केंद्रातून घरी आलेल्या मुलाने एखाद्या संध्याकाळी जुन्याच प्रमाणात घेतले तर श्वास मंदावून तो मरू शकतो. ओठ निळसर पडणे, घोरल्यासारखा अडखळता श्वास, टाचणीच्या टोकाएवढी बाहुली आणि हाका मारूनही न जागणे ही लक्षणे दिसली, तर झोपू द्यावे असे म्हणू नये. त्याला कुशीवर वळवून लगेच १०८ ला बोलवावे. अशा मुलाला डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिन हे ब्राऊन शुगरची ओढ आवरणारे औषध सुरू केले असेल, तर ते एका व्यसनाच्या जागी दुसरे आणणे आहे असे समजून नातेवाईक ते बंद करायला लावतात, आणि त्याचे संरक्षण नेमके त्याच वेळी सुटते.

बांबोळीच्या मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्थेत किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात पहिल्यांदा जाताना पाच गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: कोणता पदार्थ, रोज साधारण किती, शेवटचा कधी घेतला, पूर्वी झटका आला होता का, आणि दुसरी कोणती औषधे चालू आहेत. मामींनी दुसऱ्या वेळी तो कागद चहाच्या पुडीच्या पाठीवर लिहून नेला होता, आणि डॉक्टरांनी तो तसाच केसपेपरला टाचून ठेवला. ताबडतोब जाणे शक्य नसेल तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांकावर किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ वर विनाशुल्क बोलता येते.