शब्दकोडे स्वतः बनवताय? या चुका टाळा

शब्द कमी पडले म्हणून शब्दकोडे सहसा अडत नाही, ते अडते काना-मात्रा-वेलांटीवर. मराठी कोड्यात एका घरात पूर्ण अक्षर बसते, जोडाक्षरालाही एकच घर. त्यामुळे ‘फूल’ आणि ‘फुलपाखरू’ पहिल्या घरात एकमेकांना छेदू शकत नाहीत. एकात दीर्घ फू, दुसऱ्यात ऱ्हस्व फु. ‘चालून जाईल’ म्हणून सोडू नका. सोडवणारा नेमका तिथेच अडतो आणि कोड्यावरचा त्याचा विश्वास उडतो.

आवडता लांब शब्द हौसेने सगळ्यात वरच्या ओळीत टाकणे ही दुसरी चूक. ‘महाबळेश्वर’ घ्या: म, हा, ब, ळे, श्व, र, अशी सहा घरे. वरच्या ओळीत त्याच्या अक्षरांपासून उभे शब्द सुरू व्हायला हवेत, पण मराठीत ‘ळ’ने शब्द सुरूच होत नाही. ‘ण’चीही तीच अडचण. तोच शब्द तळाच्या ओळीत न्या, म्हणजे ही अक्षरे उभ्या शब्दांच्या शेवटी येतात: कलम, गुलाब, विश्व झकास बसतात. किंवा चहा, डोळे, घर. मात्र सहाही उभे शब्द एकमेकांना खेटून घालू नका, नाहीतर तळाच्या लगेच वरच्या ओळीत ‘ल-च-ला-डो-वि-घ’ असे काहीतरी निरर्थक तयार होईल. एकाआड एकच घ्या, मध्ये काळी घरे.

इंग्रजी कोड्यात काळ्या घरांची मांडणी १८० अंशांत फिरवली तरी तशीच दिसावी, असा रिवाज आहे. पहिल्या कोड्यात त्याचा हट्ट नको. आपल्याकडे प्रत्येक व्यंजनाची बाराखडी असल्याने जुळणारी अक्षरे मुळातच कमी सापडतात.

सूचक वाक्यांत घाई करू नका. ‘पाणी’ एवढेच लिहिले तर जल, नीर, तोय तिन्ही दोन अक्षरी, तिन्ही बरोबर. अशा शब्दाचे निदान एक अक्षर दुसऱ्या शब्दाने पक्के झालेच पाहिजे. वचनही सांभाळा: उत्तर ‘डोळे’ असेल तर ‘पाहण्याचा अवयव’ चालणार नाही, ‘पाहण्याचे अवयव’ हवे.

आकडे सर्वांत शेवटी घाला, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. एक काळे घर हलले तरी पुढचे आकडे बदलू शकतात, म्हणून तोवर पेन्सिलच बरी.